सिनेमातली तानू

दुपारी दीडला शेठजींच्या पुढच्या खोलीत टीव्ही लागला आणि तानू भिंतीकडे सरकली.

खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. कशी असणार? आज दाखवणार होते त्या सिनेमाचं दोन वर्षांपूर्वी ह्याच गावात वीस दिवस शूटिंग झालेलं. कुणाचा बैल त्यात होता, कुणाची भिंत होती, अभिमनची तर नुसती पाठ होती. पण त्या पाठीसाठी धरणगावहून त्याचे पाव्हणे आले होते.

तानू आणि तिची सासू झुंबरबाई सिनेमासाठी आल्या नव्हत्या. त्या सकाळपासून फोनपाशी बसून होत्या. गावात फोन एकच, शेठजींचा. तानूचा नवरा पुना रावेरला ट्रकमध्ये केळी भरून दिल्लीला गेला, तो गुरुवारी परत यायचा होता. आज रविवार. काल पेपरात आलं की ग्वाल्हेरच्या पुढे केळीचा ट्रक उलटला. कुणाचा, ते छापलं नव्हतं. जळगावचे ट्रान्सपोर्टवाले म्हणाले होते, कळलं की फोन करतो.

फोन काही वाजेना. पडद्यावर एक बैलगाडी चालली होती, ती काही केल्या संपेना.

"पंधरा मिंटं व्हई गयात, गाडी तठेच शे!" अभिमन करवादला.

"गप रे," पितांबर नाना म्हणाले. "दिल्लीनं बक्षीस भेटेल शे त्याले."

"कसानं बक्षीस, नाना? ना गानं, ना मारामारी. रंग बी नही. बठ्ठा लोके नुसता रडतस!"

खोली हसली. बायका पदराआड हसल्या. शेठाणी तारादेवीही दारातून म्हणाल्या, "मला तर बाई झोप यायला लागली." तानूला वाटलं, हसू देत, कंटाळू देत, उठून जाऊ देत सगळे. वीज जावो. एरवी दिवसातून चारदा जाते, आजच मेलीला काय झालंय!

कारण पुढे काय येणार, ते ह्या खोलीत तिला एकटीलाच ठाऊक होतं.

शूटिंग चालू असताना एक दिवस ती नदीवर धुणं घेऊन गेली होती. सिनेमातल्या बाईला ताप भरलेला, आणि सिनेमावाले हातापाया पडायला लागले. पाठमोरी बसायचंय, कुणी ओळखणार नाही, म्हणाले. विधवा बाईचं काम होतं. तानू बसली. मग म्हणाले, बांगड्या फोड. तिने फोडल्या. मग म्हणाले, कुंकू पूस आणि इकडे बघ. आणि तिने पुसलं, बघितलं! जिता नवरा घरात भाकर खात असताना तिने हे केलं. घरी येऊन सांगितलं, बांगड्या धुण्यावर फुटल्या. दोन वर्षांत पुनाला साधं खरचटलंही नाही. पण दोन वर्षं ते कुणाच्या नजरेला पडलं नव्हतं. आज पन्नास माणसं बघणार होती, आणि पुना कुठे होता, देव जाणे.

पडद्यावर नदी आली. खडकावर एक बाई पाठमोरी बसलेली. तानूने पदर कपाळावर ओढला.

"आते हाई कोन?" अभिमन म्हणाला. "हाई बी आते तासभर बशी राही."

बाईने दगड उचलला. खळकन बांगड्या फुटल्या. खोलीतल्या बायकांनी हात आपापल्या बांगड्यांवर नेले. बाईने तळहाताने कपाळ पुसलं आणि तोंड वळवलं.

कुणीतरी म्हणालं, "आरे, हाई ते तानू शे!"

पुढे बसलेली माणसं तानूकडे वळली. अभिमनसुद्धा वळला. पडद्यावरची तानू भुंड्या हातांनी, मोकळ्या कपाळाने सगळ्यांकडे बघत राहिली. कॅमेरा हलेना. खोलीतल्या तानूला मान वर करवेना. तिला रडूही येईना, इतकी ती भ्यायली होती. आपणच खाल्लं त्याला, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

झुंबरबाई उठली.

तानूने डोळे मिटले. आता ही झिंज्या धरून फरफटत नेणार, सगळ्या गावासमोर. न्यावंच तिने. पण सासूचं लुगडं तिच्या खांद्याला घासून पुढे गेलं. तानूने डोळे उघडले. झुंबरबाई बसलेल्या माणसांमधून, कुणाचा गुडघा तुडवत, कुणाला ढकलत टीव्हीकडे चालली होती. पडद्यावरची बाई अजून तशीच बघत होती. दुसरा सिनेमा असता तर एव्हाना चार गाणी उरकली असती.

झुंबरबाई टीव्हीसमोर पोचली. तिने आपल्या कपाळावरच्या रुपयाएवढ्या कुंकवावर अंगठा दाबला, आणि तो तस्साच काचेवरच्या कपाळावर टेकवला.

त्याबरोबर चित्र बदललं. उघडं रान आलं, वर पांढरं आभाळ, आणि त्या आभाळात लालभडक ठसा.

"अहो झुंबरबाई, काच आहे ती!" तारादेवी पदर सावरत पुढे आल्या. "थांबा, फडकं आणते."

झुंबरबाई टीव्हीला पाठ लावून उभी राहिली. तिचा आवाज खोलीभर गेला.

"पुना घर येस तवलोंग कोनी पुसानं नही."