सात राखाडी गावं

भिंतीवरच्या पडद्यावर, पुराच्या नकाशात सगळा तालुका हिरवा, म्हणजे सुरक्षित दिसत होता. तहसीलदार साहेब खूश होते. मला मात्र तो हिरवा रंग खटकत होता. बाहेर पाऊस थांबतच नव्हता.

नकाशा दाखवणारा सर्व्हर ओपन सोर्स, फुकटचा. पण रंग ठरवणारी स्टाइलशीट माझ्या हातची. ती उघडली. शेवटच्या नियमात माझीच चूक सापडली: 'उरलेली गावं हिरवी.' जिथून पाणीपातळीचा आकडाच आला नव्हता, ती गावंही मी सुरक्षित ठरवली होती.

नियम बदलला. सात गावं राखाडी झाली.

"गुरवबाई, चांगला नकाशा का बिघडवलात?" साहेब वैतागले.

"साहेब, या गावांचं आपल्याला काहीच माहीत नाही. तेच दाखवलंय."

आम्ही सातही पोलीस पाटलांना फोन लावले. सहा जणांनी उचलले. सातवा नुसता वाजत राहिला, तशी साहेबांनी तिकडे बोट पाठवली.

संध्याकाळी त्या गावातून बाहेर काढलेली त्रेचाळीस माणसं आमच्या व्हरांड्यात चहा पीत होती. तेवढ्यात जिल्ह्याहून फोन आला, "बाकीचे तालुके हिरवेगार, तुमच्याच नकाशावर डाग कसले?"

साहेब माझ्याकडे बघत ठणकावून म्हणाले, "सर, आमच्या बाईंच्या नकाशाला 'माहीत नाही' म्हणता येतं."