टायची गाठ

मॅनेजरने टायची गाठ आवळली. म्हणजे हॉटेलबाहेर रांग लागली.

व्हायोलिनवालीने दिराकडे पाहिलं. दिराने गिटार सावरली आणि दोघांनी चाल बदलली. संथ सूर धावायला लागले. गिऱ्हाइकांना कधी पत्ता लागला नव्हता, पण वाजवणं जलद झालं की माणसं भराभर जेवायची. चमचे पळायचे, गप्पा आखडायच्या, टेबलं रिकामी व्हायची. मालकाने या दोघांना ठेवलं होतं ते यासाठीच. ऐकायला कोण येतंय!

रविवारची दुपार होती. काचेच्या दाराबाहेर लोक ताटकळत होते.

खांबाजवळच्या टेबलावर एक म्हातारा बायकोबरोबर बसला होता. त्याचा उजवा हात मांडीवर निपचित पडला होता. डाव्या हाताने तो सूप पीत होता. इतका वेळ बरं चाललं होतं. वाडग्यातून चमचा निघायचा, वाटेत जरा थबकायचा, पण तोंडाशी पोचायचा. बायको मुद्दाम दुसरीकडे बघत होती.

चाल बदलली आणि चमचा गडबडला. आधी टेबलावर सांडलं, मग शर्टावर. म्हातारा सुरांच्या मागे धावत होता आणि त्याचं त्यालाही कळत नव्हतं.

"अहो, सावकाश," बायको शर्ट टिपत म्हणाली. "कुणी हाकलतंय का आपल्याला?"

व्हायोलिनवाली दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिला स्पष्ट ऐकू आलं.

म्हाताऱ्याने चमचा ठेवून दिला. "बास. भूक नाही मला. आणि तू भरवायला येऊ नकोस, सांगून ठेवतो."

"मी कुठे हात लावलाय?"

व्हायोलिनवालीने गज लांब ओढला. चाल मंदावली.

"वहिनी," दीर ओठ न हलवता म्हणाला, "गाठ आवळलीय त्याने."

"पाहिलं."

"जिन्याखालचा खोकाही पाहिलात ना?"

पाहिला होता. त्यात नवे स्पीकर होते. "ते चहा मागत नाहीत आणि तोंड वाकडं करत नाहीत," असं मॅनेजर परवाच ऐकवून गेला होता. घरची चूल या दोघांच्या वाजवण्यावरच पेटत होती.

"भाऊजी, तुम्ही वाजवा जलद. माझ्या नादी लागू नका."

"म्हणजे तुम्ही एका गावाला, मी दुसऱ्या? लोक चपला मारतील." आणि गिटारही संथ झाली.

मॅनेजर टेबलांमधून वाट काढत आला. चेहऱ्यावरचं हसू गिऱ्हाइकांसाठी होतं, आवाज मात्र या दोघांसाठी. "बाई, बाहेर लोकांच्या पोटात कावळे ओरडतायत. तुम्ही अंगाई काय लावलीत?"

"एवढं एक टेबल होऊ द्या."

"कुठलं?"

तिने खांबाकडे भुवई उडवली. मॅनेजरने वळून पाहिलं.

म्हाताऱ्याने चमचा पुन्हा उचलला होता. चमचा निघाला, थबकला, पोचला. परत निघाला. बायको आता छताकडे बघत होती. पलीकडच्या टेबलावर कुणीतरी आरामात मागे टेकून आणखी एक कॉफी मागवली.

"उद्या खोका उघडतो मी," मॅनेजर पुटपुटला. पण जागचा हलला नाही.

म्हाताऱ्याने वाडग्याचा तळ खरवडला. तोंड स्वतःच पुसलं. मग समोर काळ्या कोटातला मॅनेजर रिकामा उभा दिसला, तेव्हा त्याने वाडगा पुढे सरकवला. "अजून थोडं मिळेल का हो?"

बायको ओशाळली. "अहो, बाहेर माणसं खोळंबलीत."

"थांबतील. आज हात बसतोय माझा."

मॅनेजरने दाराकडे पाहिलं. काचेपलीकडून एक बाई त्याला मनगटावरचं घड्याळ दाखवत होती. त्याचा हात टायकडे गेला. दिराने बोटं सरसावली.

मॅनेजरने गाठ खाली ओढली, चांगली सैल केली, वाडगा उचलला आणि स्वतःच स्वयंपाकघराकडे निघाला.

दीर त्याच्या पाठीकडे बघत राहिला.

"वहिनी," तो म्हणाला, "या खुणेला काय वाजवायचं असतं?"