एल्मरची पैज

"आकडा सांगायचा नाही! तोंडातून नुसता आकडा जरी निघाला ना, तर आल्या पावली परत पाठवीन," एल्मर दारातूनच ओरडला.

लॉरेटाने बॅग खाली ठेवली. डेन्व्हरहून आलेल्या मुलीचं हे स्वागत.

"डॅड, मी कशी आहे ते तरी विचार."

"बरी दिसतेस. बस."

कालचा बेसबॉलचा सामना दुपारचा होता आणि नेमकं तेव्हाच एल्मरला हृदयाच्या तपासण्यांसाठी इस्पितळात जावं लागलं होतं. शेजारच्या नॉर्बने गाडीतून नेलं. सामना घरी रेकॉर्ड होत राहिला. आता तो बघून होईपर्यंत सिनसिनाटीच्या त्या गल्लीत कुणी निकालाबद्दल ब्र काढणार नव्हतं. पेपरवालासुद्धा खेळाचं पान काढून घेऊन पेपर टाकून गेला होता.

लॉरेटाला मात्र निकाल कळला होता. टीम जिंकली की कोपऱ्यावरचा बारवाला खिडकीत लाल दिवा लावतो. तिची टॅक्सी वळली तेव्हा दिवा लागलेला होता.

"डॅड, डॉक्टर म्हणाले, आता थांबण्यात अर्थ नाही."

"त्यांना म्हणायला काय जातं?"

सहा महिने हेच चाललं होतं. हृदयाची एक झडप बदलायची होती. पण हिल्डी, लॉरेटाची आई, त्याच इस्पितळात आपल्या पायांनी चालत गेली होती. आणली ती शवपेटीतून.

एल्मरने रिमोट उचलला, मग खाली ठेवला.

"पैज लावतेस? हे जिंकले, तर ऑपरेशन. हरले, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. कधीच."

लॉरेटाला तो लाल दिवा आठवला. बापाला फसवायचं? आणि तेही बेसबॉलमध्ये?

"कबूल," ती म्हणाली. जरा घाईनेच.

दोघांनी हात मिळवले. त्याचा हात गार होता.

हंगाम सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. मैदानातले लोक कोट घालून कुडकुडत होते. पहिल्याच डावात आपल्या पिचरने असे चेंडू टाकले, की एल्मरने त्याच्या सात पिढ्या उद्धारल्या.

"हा? याला पगार देतात? याच्यापेक्षा आमची हिल्डी बरी फेकायची. लाटणं!"

लॉरेटा हसली. स्पॅगेटीवर खिमा, त्यावर चीजचा डोंगर, अशा ताटल्या मांडीवर घेऊन दोघं बघत राहिले. सातव्या डावानंतर आपण एक, ते चार. लॉरेटा कॉफी करायला उठली.

"खाली बस! टीम मागे असताना कुणी जागा सोडतं का? काय शिकवलं मी तुला?"

"बसले बाबा, बसले."

एल्मरने टोपी काढून उलटी केली, अस्तर बाहेर काढून पुन्हा डोक्यावर चढवली. टीमवर वेळ आली की इथे सगळे तेच करतात. लॉरेटानेही त्याची जुनी टोपी तशीच घातली. तेवढ्यात तिच्या मनात शंका आली. टीमने याआधी एक सामना जिंकला होता. बारवाला तर विसरभोळा. तो दिवा त्याच दिवशीचा, विझवायचा राहिलेला असेल तर?

आठव्या डावात दोन धावा आल्या. नववा डाव, शेवटची संधी. दोन गडी बाद, तिसरा गेला की खेळ खलास; दोघे धावायला तयार उभे. एल्मरने टोपी डोळ्यांवर ओढली.

"मला बघवत नाही. तूच सांग."

लॉरेटाने त्याचा हात घट्ट धरला. आता तिला खरंच काही ठाऊक नव्हतं. चेंडू उंच गेला. कुंपणापाशी त्यांचा माणूस झेपावला, चेंडू त्याच्या हातमोज्याला लागला आणि निसटला.

"पडला! डॅड, पडला! दोघेही आले!"

एल्मरने हळूच टोपी वर केली. उडी नाही, आरोळी नाही. नुसतं नाक पुसलं.

"बदमाश लेकाचे. जन्मभर हरून छळलं, आणि आता जिंकून माझं वाटोळं केलं." मग तो उठला. "शब्द म्हणजे शब्द. लाव फोन डॉक्टरला."

फोन झाला. तारीख ठरली. एल्मर तोंड धुवायला आत गेला, तेव्हा लॉरेटा पायरीवर येऊन बसली. कुंपणापलीकडे नॉर्ब हिवाळाभर साचलेला पाला गोळा करत होता.

"नॉर्बकाका, मी पाप केलं." तिने दिव्याचं, पैजेचं, सगळं सांगून टाकलं. "त्याला कधी कळलं, तर तो माझं तोंड बघणार नाही."

नॉर्बने खराटा कुंपणाला टेकवला.

"अगं पोरी, काल तपासण्या तासाभरात उरकल्या होत्या. पण तिथल्या टीव्हीवर शेवटचा चेंडू पडेपर्यंत तुझा बाप खुर्ची सोडायला तयार नव्हता."