चौथा तुकडा

आई गेल्यानंतर पंधरा दिवसांनी तिचं सामान आणायला मी प्रयोगशाळेत गेले. तिची विद्यार्थिनी शाल्मली मातीचं एक मॉडेल पुसत होती.

"ताई, पेशीच्या पडद्यात प्रथिनाचे असे चार तुकडे एकमेकांना बिलगतात आणि मधोमध वाट तयार होते. पोटॅशियम तिथून बाहेर पडतं. मॅडम किती सुंदर सांगायच्या!"

"माहीत आहे मला," मी म्हणाले.

मला माहीत नव्हतं. हिला मात्र आईने पाच वर्षं शिकवलं, आपल्या डब्यातलं थालीपीठ भरवलं. घरी आमच्याकडे स्वयंपाकाला बाई होत्या.

"यातला एकेक तुकडा मॅडमच्या एकेका विद्यार्थ्याने घडवलाय. हा माझा. पण हा हिरवा बघा, किती वेडावाकडा! नवा करते म्हटलं की मॅडम चिडायच्या. कुणा लाडक्याचा होता कोण जाणे."

मी तो हिरवा तुकडा काढून घेतला. त्यावर एका इवल्या अंगठ्याचा ठसा होता. पहिलीत असताना, शाळेला सुट्टी म्हणून आईने मला एकदा इथे आणलं होतं. मी दिवसभर याच टेबलाखाली मातीशी खेळत बसले होते.

"माझा आहे," मी म्हणाले.

शाल्मलीने हातातलं फडकं खाली ठेवलं. "मग घरी न्या ना."

"तीन तुकड्यांची वाट होते?"

"नाही. चार लागतातच."

मी तुकडा परत जागेवर बसवला आणि तिच्याजवळ स्टूल ओढलं.

"पहिल्यापासून सांग. मला यातलं काहीच माहीत नाही."