डबा पडला ती जागा

“फुग्याच्या डब्यावर स्वतःचा नंबर लिहू नकोस, लोक उगाच फोन करत बसतात,” असं सरांनी बजावलं होतं. तान्ह्या बाळापायी घरी अडकलेल्या, डबा घरूनच तयार करून देणाऱ्या संपदाने तरी तो लिहिलाच. हवामान मोजायला नाशिकहून सोडलेला कॉलेजचा फुगा उंचावर फुटला आणि डबा कळवणकडे, एकट्या राहणाऱ्या मालनबाईंच्या कांद्यात पडला. कॉलेजची मुलं लोकेशन बघत जाऊन तो घेऊन आली. डब्यावरच्या नंबरवर मालनबाईंचा फोन मात्र रोज येत राहिला.

“जेवलीस का, पोरी?”

“बाळ झोपलं की जेवते, मावशी.”

“ते झोपायचं नाय अन् तू जेवायची नाय.”

दिवसभरात संपदाशी बोलणारं तेवढंच एक माणूस. चार दिवस त्यांचा फोन बंद लागतोय. गावाचं नाव तिने कधी विचारलंच नाही. डबा पडला त्या शेताचं लोकेशन तेवढं तिच्याकडे आहे. कुणी कळवणकडे असाल तर ती ते पाठवते, मावशींना एकदा बघून या.