कुंकवाची नखं

"बारवेले पानी आलं का त्याले घरी ठेवू नको, कोकिळे. त्याच्या घरी सोडून देजो." वच्छलाबाईंनी अंथरुणावरून सांगितलं होतं आणि सुनेने त्यांचा हात हातात घेऊन हो म्हटलं होतं.

बारव आटली त्या उन्हाळ्यात सासूने कासवाला पदरात घालून घरी आणलं. आता सासू नव्हती आणि महादेवाच्या बारवेच्या पायऱ्या पाण्याखाली गेल्या होत्या. तरी कासव अंगणातल्या टाक्यातच होतं.

"श्रावण तं होऊ दे वं," भागवत म्हणाला होता. "आईचं कासव हाय. थोडी सेवा मले बी करू दे."

कधी देवापुढे हात न जोडणारा नवरा रोज त्याचे पाय धुवायचा, नख न् नख पुसायचा, प्रत्येकाला कोकिळाच्या करंड्यातलं कुंकू लावायचा. आपले उपास कुठंतरी पोचले, असं तिला वाटायचं.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी ती बेल तोडून मागच्या दाराने आली. टाक्यापाशी भागवत आणि एक अनोळखी माणूस उकिडवे बसले होते. कासव उताणं पडलं होतं. पाय हवेत हलत होते.

"वीस नखं पक्की ना?" तो माणूस विचारत होता. "एक बी कमी निघालं तं पैशाचा पाऊस पडत नाही. मांडणी फुकट जाते."

"अबे, रोज मोजून राह्यलो. गफलत नको म्हणून मोजलेल्या नखाले कुंकू लावतो."

"अन् बायको?"

"लय देवभोळी हाय बिचारी. तिले वाटते, म्या पूजा करून राह्यलो."

दोघं हसले.

"पोळ्याच्या अमावस्येले मांडणी. झाली का तिथंच मातीत पुरा लागते याले. सांजच्याला गाडी आणतो."

भागवत त्याला फाट्यापर्यंत सोडायला गेला. कोकिळा दाराआडून पुढे आली. आधी तिने कासवाला सुलटं केलं. मग महादेवासाठी भरलेल्या तांब्यातलं पाणी ओतून त्याची नखं धुतली. कुंकू सुटेना, तेव्हा पदराने घासलं. टोपलीत त्याला ठेवून वर बेल पसरला.

फाटकातच भागवत समोर आला. "महादेवाले चालली का? माह्या नावानं बी एक पान वाहजो."

पानांखाली नख खरखरलं. कोकिळाने वरचं एक पान उचललं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं.

"तुमचं तुमीच वाहा आज," ती हळूच म्हणाली, आणि पदर टोपलीवर ओढून बारवेच्या वाटेला लागली.