यानचालकाच्या आजोबांचं बालपण

“आजोबांचं बालपण सोमवारपर्यंत पाठवाच, सर,” प्रकाशक फोनवर म्हणाला. “वाचक वाट बघतायत.”

“पाठवतो,” म्हणून लेखकाने फोन ठेवला. हस्तलिखित टेबलावर तयार होतं. मालिकेतलं तेरावं.

पहिल्या पुस्तकात एक माणूस एकटाच यान घेऊन दूरच्या ग्रहावर जातो आणि घरी परत येतो. बस, एवढंच. लोकांनी ते डोक्यावर घेतलं. मग त्या माणसाच्या जन्माआधीची कथा आली, यान बांधणाऱ्याची आली, यानचालकाच्या मेहुण्याची तर वेगळी मालिकाच निघाली. गोष्ट मारुतीच्या शेपटासारखी लांबत गेली. आता कोण कुणाचा कोण, आणि काय कुठल्या पुस्तकात, हे लेखकालाच भिंतीवरच्या तक्त्यात बघावं लागे.

तो तक्ता बायकोने केला होता. शाळेच्या कार्यालयातून आली की ती त्याच्या गिचमिड अक्षराची सुवाच्य प्रत काढायला बसायची. त्याने खोडावं, तिने पुन्हा उतरवावं.

“कसं झालंय?” तो विचारायचा.

“छान,” ती म्हणायची.

बारावं पुस्तक छापून यायच्या आतच ती गेली. तेरावं त्याने स्वतःच उतरवलं.

प्रत्येक पुस्तकावर एक टंकलिखित पत्र यायचं. नाव नाही, पत्ता नाही. “आला बघ आपला टीकाकार!” म्हणत तो ते बायकोला नकला करत वाचून दाखवायचा. ती भाजी चिरता चिरता ऐकायची. “असेल कुणीतरी रिकामटेकडं,” म्हणायची.

बाराव्यावर मात्र पत्र आलंच नाही. शेवटी त्यानेही आपला नाद सोडला, असं वाटून लेखकाला फार वाईट वाटलं. खरं तर त्याचंच बरोबर होतं. एकट्या घरात हे कबूल करायला आता लाज वाटत नव्हती.

त्याने खणातून शेवटचं पत्र काढलं.

“लेखकमहाशय, सगळ्यांचे आजे-पणजे सांगून झाले. पण तो घरी कशासाठी आला होता? ती दार उघडते आणि म्हणते, ‘उशीर केलास. हात धू, जेवायला वाढते.’ गोष्ट तिथंच संपली होती. तिथंच राहू द्यायची होती.”

लेखकाने आजोबांचं बालपण उचललं आणि खणात कोंबलं. सोमवारी प्रकाशकाला नाही म्हणून कळवायचं. आजवर त्या माणसाची टर उडवली, आता एकदा तरी त्याचं ऐकायचं.

ते वाक्य पुन्हा बघावं म्हणून त्याने पहिलं पुस्तक काढलं.

शेवटच्या पानावर यान उतरत होतं. खाली ‘समाप्त’.

त्याने मागचं पान चाळलं, त्याच्या मागचंही. दार कुठेच नव्हतं. मग हळूहळू आठवलं. छापायला देण्याच्या आदल्या दिवशी, फारच घरगुती वाटतं म्हणून, तो प्रसंग त्याने सबंध खोडला होता. आणि बायकोने शेवटचं पान पुन्हा लिहून काढलं होतं.